कॉरोनर गेला, प्रश्न विचारणाराही गेला

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच गृह, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या खात्यांचे मा. मंत्री

विषय : अकस्मात मृत्यूंच्या चौकशीसाठी पोलिसांपासून वेगळं कार्यालय नेमण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी न्यायवैद्यकशास्त्राचा निवृत्त अध्यापक. घरच्या भाषेत सांगायचं तर पोस्टमॉर्टेमवाला डॉक्टर. मुंबईच्या शवागारांत तीस वर्षं गेली. याच विषयावर मी याआधी सरकारदरबारी दोन अर्ज दिले आहेत. पहिल्याचं काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्याची पोच आली : ‘आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.’ संबंधित विभाग कोणता, हे लिहायचं राहून गेलं होतं. तेव्हा यंदा पाकीट न चिकटवताच पत्र पाठवतो आहे.

१९९९ सालापर्यंत मुंबईला कॉरोनर होता. हे वाक्य हल्ली तरुण अधिकाऱ्यांपुढे उच्चारलं की ते ‘करोना?’ असं विचारतात. चूक त्यांची नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, मुकुट. विषाणूच्या अंगावर मुकुटासारखे काटे, आणि कॉरोनर म्हणजे मुकुटाचा, राजाचा माणूस. इंग्लंडात ११९४ साली हे पद निघालं ते मुळात राजाच्या तिजोरीसाठी. कोण मेलं, कसं मेलं आणि त्यात सरकारजमा काय होतं, हे बघायला. पुढे तिजोरी मागे पडली आणि ‘कसं मेलं’ एवढंच काम उरलं. आपल्याकडे १८७१ च्या कॉरोनर्स ॲक्टने इलाख्याच्या शहरांत ते पक्कं केलं. मद्रासचा कॉरोनर एकोणिसाव्या शतकातच गेला, कलकत्त्याचा पुढे कधीतरी, आणि मुंबईचा सगळ्यात शेवटी. पुण्या-नागपूरला तो कधीच नव्हता.

कायदा तसा साधा होता. शहराच्या हद्दीत प्रेत पडलं आहे आणि मरण अपघाताने, खुनाने, आत्महत्येने किंवा न कळलेल्या कारणाने अचानक आलं आहे अशी खबर आली, किंवा तुरुंगात कैदी मेला, की कॉरोनरने चौकशी करायची. ज्युरी बसवायची, पाच, सात, नऊ असं करत पंधरापर्यंत माणसं. साक्षी शपथेवर घ्यायच्या. समोर आरोपी असायलाच हवा असं नाही, कारण शिक्षा देण्याचा अधिकारच नव्हता. १८९१ साली राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी खाली पडून मेल्या, तेव्हा कॉरोनरपुढे काय चाललंय याकडे सगळ्या मुंबईचे कान लागले होते. ती मरणं कशी झाली याचा वाद अभ्यासक अजून घालतात. पण चौकशी चव्हाट्यावर झाली होती, म्हणून वाद घालायला साक्षी तरी शिल्लक आहेत.

मी नोकरीला लागलो तोवर या सगळ्याला उतरती कळा लागली होती. बहुतेक प्रकरणं कागदावरच निकालात निघत. तारखा पडत, हवालदार कंटाळत, आणि आम्ही डॉक्टर मंडळी समन्स आलं की रजेचा अर्ज शोधत असू. त्या दिवसांचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. पण एक दुपार विसरता येत नाही.

बावीस-तेवीस वर्षांचा, गिरणी कामगाराचा मुलगा. चाळीचा जिना चढताना कोसळला. पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, मी केलं होतं. जखम नाही, विषाचा वास नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. मी ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असं लिहून मोकळा झालो होतो. कॉरोनर कायद्याचे पदवीधर, वैद्यकीचा गंध नाही. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं, “डॉक्टर, हृदयक्रिया चालू असताना मेलेला माणूस तुम्ही कधी पाहिलात का?” मागे कोणीतरी खुदकन हसलं. लगेच दुसरा प्रश्न : “हृदयाचं वजन किती भरलं?”

मी वजन केलंच नव्हतं. तराजू होता, टेबलापासून चार पावलांवर. मुलाची आई समोरच्या बाकावर बसली होती. प्रश्न इंग्रजीत होता, तिला समजला नसणार. पण मी गप्प झालो हे तिला समजलं. त्यानंतर वजन केल्याशिवाय मी एकही हृदय बाजूला ठेवलेलं नाही.

१९९९ मध्ये हे पद बंद झालं. पोलीस तपास करतातच, मग त्याच कामाला दुसरं माणूस कशाला, असा विचार त्यामागे होता आणि त्यात तथ्यही होतं. ज्युरी आणि लाकडी पिंजरा परत आणा असं मी म्हणत नाही. त्या खुर्चीत बसून प्रश्न विचारणारा, पोलिसांच्या बाहेरचा एक माणूस होता. तो गेला, आणि त्याच्या जागी आपण कोणालाही बसवलं नाही.

आता काय होतं ते गृहखात्याला ठाऊक आहेच, पण हे पत्र इतरही वाचतील. अचानक मरण आलं की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, तिला सगळे एडीआर म्हणतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. नंबर बदलला, काम तेच राहिलं. ठाण्याचा अंमलदार दोन पंच गाठून पंचनामा करतो. पंच म्हणजे बहुधा शवागाराबाहेरचा चहावाला, नाहीतर मयताचाच साडू. लग्नाला सात वर्षं न झालेल्या बाईचं मरण किंवा कोठडीतलं मरण मॅजिस्ट्रेटपर्यंत पोचतं. बाकीच्यांत मरणाबद्दल शंका आहे की नाही, पीएम लागेल की नाही, हे ठरवणारा पोलीसच.

पंचनाम्याची भाषा मला पाठ आहे. ‘यातील मयत इसम हा राहते घरी असताना त्याचे छातीत कळ येऊन तो बेशुद्ध पडल्याने त्यास उपचारकामी दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी तपासून दाखलपूर्व मयत घोषित केले. मरणाबाबत कोणाचाही संशय अगर तक्रार नाही.’ तीस वर्षांत या वाक्याचा कानामात्रा हलला नाही. पोलिसांना मी दोष देत नाही. गणपतीचा बंदोबस्त करून आलेल्या रात्रपाळीच्या हवालदाराने मयताच्या काकाला, मामाला कमी वयात काय झालं होतं याची विचारपूस करावी, ही अपेक्षाच चूक आहे. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं : कोणी मारलं का? ‘नाही’ म्हटलं की तो सुटला. आमचं खरं काम तर त्या ‘नाही’पासून पुढे असतं.

हे कसं ते सांगतो. एका घराची गोष्ट आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत. कॉरोनर जाऊन काही वर्षं झाली होती. चोवीस वर्षांचा मुलगा कबड्डीच्या सरावात चढाई करून परत येताना मध्यरेषेवर पडला. या वेळी तराजू विसरलो नव्हतो. हृदय भरलं ५४० ग्रॅम. त्या अंगकाठीच्या मुलाचं तीनशेच्या आसपास भरायला हवं. डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा जाडजूड झालेला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात याला, हृदयाच्या स्नायूचा आजार. बहुतेकदा तो घराण्यात उतरतो. आई किंवा बापाकडे असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. माणूस धडधाकट दिसतो, खेळतो, आणि एक दिवस ठोक्यांची लय बिघडून जागीच जातो. जिवंतपणी शोधायचा तर साधा इको पुरतो, सोनोग्राफीसारखीच तपासणी. मी अहवालात स्वच्छ लिहिलं : सख्ख्या भावंडांची हृदयतपासणी व्हावी.

अहवाल ठाण्यात गेला. घातपात नाही, मरण नैसर्गिक, एडीआर निकाली. घरच्यांनी प्रत मागितली नाही, कोणी आपणहून दिली नाही. ती मागायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. तीन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ माझ्याच टेबलावर आला. आडनाव आणि गाव वाचून मी जुनी वही काढली.

मी त्या आईला फोन करू शकलो असतो. नंबर पंचनाम्याच्या खालच्या कोपऱ्यात होता. पण डॉक्टरने नातेवाइकांशी परस्पर बोलायचं नाही, जे काय ते पोलिसांमार्फत, असा रिवाज. आणि त्या आठवड्यात सगळी टेबलं भरलेली. दोन्ही कारणं खरी आहेत. एकही पुरेसं नाही.

आरोग्य खात्यासाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरं गळालेली असणं, हा दोष दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे पंचविसांत एक. अशा सगळ्यांना आजार होतोच असं नाही, पण धोका वाढतो. आणि आपण काय करतो? तरुण माणूस पडला की ‘ॲटॅक आला’ म्हणतो, वर्तमानपत्रं ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ छापतात, तेराव्यापर्यंत विषय संपतो. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी मरणाचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले जेमतेम २२.५ टक्के होते. त्यातही ‘कार्डिओरेस्पिरेटरी फेल्युअर’ लिहिलेले किती असतील! कॉरोनरसाहेबांचा पहिला प्रश्न त्या प्रत्येक सहीखाली लिहून ठेवण्यासारखा आहे.

न्यू यॉर्कची हकीकत मी वर्गात दर वर्षी सांगायचो. तिथेही कॉरोनर होते, निवडणुकीतून येणारे. पक्षाचा माणूस असला की झालं. अंत्यविधीचे कंत्राटदार, दारूच्या गुत्त्यांचे मालक, एक दूधवाला सुद्धा या पदावर बसून गेला. १९१५ च्या सुमारास शहराच्या हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याने या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली आणि १९१८ साली पद रद्द झालं. इथपर्यंत मुंबईसारखंच. पण त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर मेडिकल एक्झामिनरचं कार्यालय उभं केलं. प्रमुख डॉक्टरच हवा, तोही विकृतीशास्त्र (पॅथॉलॉजी) जाणणारा, आणि परीक्षेतून निवडलेला. पहिले प्रमुख चार्ल्स नॉरिस. गृहस्थ घरचे श्रीमंत होते. महापालिकेने पैसे अडवले की स्वतःच्या खिशातून घालायचे. अलेक्झांडर गेटलर या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यांनी विषं शोधण्याची प्रयोगशाळा उभारली.

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. कारखान्यांसाठीचा अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकारच्या नियमानुसार त्यात मिथाइल अल्कोहोल मिसळत. लोक तोच चोरून पीत, आंधळे होत, मरत. नॉरिसनी आपल्या शवागारातले आकडे पुढे करून सरकारला जाहीरपणे सुनावलं की या मरणांची नैतिक जबाबदारी तुमची आहे. सरकारी पगार घेऊन सरकारला असं तोंडावर सांगणारा माणूस मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. मीही तो नव्हतो.

मिथाइल अल्कोहोलची आपल्याला ओळख करून द्यायला नको. २००४ साली विक्रोळी, २०१५ च्या जूनमध्ये मालवणी. मालवणीत शंभरावर माणसं गेली. अशा विषबाधेत पहिली दोन-तीन प्रेतं फार मोलाची असतात. ती ‘दारू पिऊन मेला’ म्हणून वस्तीतूनच परस्पर स्मशानात गेली, की ज्यांनी तीच दारू रात्री घेतली आहे त्यांना सावध करणारं कोणी उरत नाही. उतारा आहे, पण तो जितक्या लवकर मिळेल तितका कामाचा. शहरभरातली अचानक आलेली मरणं रोज सकाळी एका टेबलावर मांडून बघणारं कार्यालय असेल, तर दोन ठाण्यांच्या हद्दीतली दोन सारखी मरणं शेजारी शेजारी दिसतील. आज ती दोन वेगळ्या कपाटांत असतात.

सगळे नॉरिस होत नाहीत, हेही कबूल करतो. थॉमस नोगुची १९६७ ते १९८२ लॉस एंजेलिस परगण्याचे मुख्य कॉरोनर होते. १९६२ साली मेरिलिन मन्रोचं शवविच्छेदन त्यांनीच केलं, १९६८ साली रॉबर्ट केनेडींचं. १९६९ साली त्यांना काढून टाकलं. त्यांनी उघड सुनावणी घ्यायला लावली आणि खुर्ची परत मिळवली. त्यांच्या त्या हिमतीला मी दाद देतो. पण पुढे नटनट्यांच्या मरणांवर पत्रकारांपुढे केलेली बडबड आणि कार्यालयातला ढिसाळ कारभार यांवरून १९८२ साली त्यांची पदावनती झाली. टाळ्यांची चटक शवागारातही लागते. म्हणून मी एका करारी माणसावर भिस्त ठेवत नाही, नियमांनी बांधलेलं कार्यालय मागतो आहे.

आणि उघड चौकशी नसली म्हणजे तमाशा टळतो असं कोणी समजू नये. २०२० च्या जूनमध्ये मुंबईत एक तरुण नट गेला, त्यानंतर पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांवर काय वेळ आली ते आपण पाहिलंत. कितीतरी महिने वाहिन्यांवर रोज रात्री नऊला कोर्ट भरत होतं. अहवालातली अर्धी वाक्यं फुटत होती आणि ज्यांनी उभ्या जन्मात शवागाराची पायरी चढलेली नाही, ते गळ्यावरच्या वळाचा अर्थ सांगत होते. डॉक्टरांना बोलायची सोय नव्हती. कॉरोनरच्या कोर्टात ते शपथेवर, सगळ्यांसमोर, एकदाच बोलले असते.

आता उन्हाचा विषय. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जण गेले. सरकारने एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याची समिती नेमली. अधिकारी सचोटीचेच असतील. पण सरकारच्या मांडवात आलेली माणसं मेली आणि चौकशी सरकारच्याच माणसाने केली, हे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना कसं दिसत असेल? त्याआधी २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात तरुण उमेदवार कोसळून दगावले होते. नंतर धावण्याचं अंतर कमी करावं लागलं. भरती पोलिसांची, मैदानावरचा बंदोबस्त पोलिसांचा आणि अकस्मात मृत्यूची नोंदही पोलिसांकडेच.

उष्माघाताची गंमत अशी (शब्द चुकीचा आहे, पण आम्हा लोकांना सवय झालेली असते) की प्रेतात त्याची स्वतःची अशी एकही पक्की खूण सापडत नाही. अंग किती तापलं होतं हे वेळेत मोजलेलं असावं लागतं. माणूस कुठे बसला होता, किती वेळ, पाणी मिळालं का, रक्तदाबाच्या वा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या का, हे जागेवर जाऊन कोणीतरी लिहून आणावं लागतं. टेबलावर नुसतं प्रेत आलं तर आम्ही हात टेकतो. खारघरला एकदम इतकी माणसं पडली म्हणून कारण झाकलं गेलं नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला हातगाडीशेजारी एकटाच पडलेला हमाल मात्र ‘हृदयविकार’ म्हणून जातो, आणि मग आपण विधानसभेत उष्माघाताच्या बळींचा आकडा वाचून दाखवतो.

लोकलबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दर वर्षी दोन हजारांवर माणसं मरत आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारांत लटकलेली माणसं खाली पडली, तेव्हा बंद होणाऱ्या दारांची चर्चा देशभर झाली. त्याच वळणावर त्याआधी एकेकटे पडून गेलेल्यांच्या एडीआर एकत्र ठेवून कोणी वाचल्या होत्या का? एकेक कागद म्हणून त्या केव्हाच निकाली निघाल्या असतील.

इंग्लंडने कॉरोनर ठेवला, पण २००९ च्या कायद्याने त्याला नवं रूप दिलं. चौकशीत असं काही दिसलं की जे तसंच राहिलं तर आणखी कोणी मरेल, तर कॉरोनरने त्या रुग्णालयाला, खात्याला, कंपनीला लेखी कळवायचं असतं. त्यांनी ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं : काय करणार, कधी करणार, करणार नसाल तर का नाही. ही पत्रं आणि उत्तरं लोकांना वाचता येतात. दंड नाही, तुरुंग नाही. तिथेही काही जण उत्तर द्यायला टाळाटाळ करतात. पण टाळलं हे तरी दिसतं.

माझं मागणं आता वेगळं सांगायला नको, तरी कागदावर असावं म्हणून लिहितो. मुंबईपुरतं का होईना, अकस्मात मृत्यूंच्या चौकशीचं स्वतंत्र कार्यालय काढा. ते गृहखात्याखाली नको, याची कारणं वर आली आहेत. पण आरोग्य खात्याखालीही नको. भूल दिल्यावर न उठलेला रुग्ण, बाळंतपणात गेलेली बाई, हे सगळे शेवटी त्याच टेबलावर येतात आणि तेव्हा रुग्णालयच एक पक्षकार असतं. लोकायुक्तांसारखी काहीतरी व्यवस्था करा, ज्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागेल. प्रमुख डॉक्टर असावा, ठरावीक मुदतीचा, आणि मुदत संपण्याआधी त्याची बदली करायची तर लेखी कारण द्यावं लागावं. त्याच्या हाताखाली घटनास्थळी जाणारी माणसं हवीत. सगळे डॉक्टरच हवेत असं नाही, नीट शिकवलेल्या परिचारिका हे काम उत्तम करतील. घरातल्या औषधांच्या पट्ट्या बघायच्या, बायकोशी किंवा आईशी शांतपणे बोलायचं, घराण्यात कोणी तरुणपणी असंच गेलं का ते विचारायचं. खाकी वर्दीपुढे लोक हे बोलत नाहीत.

व्हिसेऱ्याचंही, म्हणजे तपासणीसाठी प्रेतातून काढून ठेवलेल्या अवयवांच्या तुकड्यांचंही, काहीतरी करा. ‘रासायनिक विश्लेषणाच्या अहवालापर्यंत मत राखून ठेवले आहे’ असा शेरा आम्ही मारतो, बरण्या कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, आणि घरचे लोक विम्याच्या पैशासाठी महिनोन्‌महिने ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. कित्येकदा त्या बरण्या कोणतंही विष शोधायला नव्हे, तर डॉक्टरला तूर्त निर्णय टाळता यावा म्हणून पाठवलेल्या असतात. मीही पाठवल्या आहेत.

अर्थखातं पैशाचं विचारेल. कुशल माणसं कुठून आणणार असंही कोणी म्हणेल. न्यायवैद्यकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेली मुलं दर वर्षी बाहेर पडतात आणि त्यांतली बरीच पुन्हा एमबीबीएसच्या वर्गात धडे देत बसतात, कारण त्यांच्यासाठी दुसरी खुर्चीच नाही. शवागारातले सहायक तर प्रत्यक्ष काम वर्षानुवर्षं करतात; त्यांना ना नीट पदनाम, ना धड हातमोजे. आणि रिवाज बदलत नाहीत म्हणावं, तर सूर्यास्तानंतर पीएम करायचं नाही हा इंग्रजी अमदानीपासूनचा दंडक केंद्राने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सोडलाच की! खून, आत्महत्या, घातपाताची शंका असली प्रकरणं वगळून, पण सोडला.

राहता राहिली त्या दोन भावांच्या घरची गोष्ट. दुसऱ्याचं पीएम झालं त्या संध्याकाळी मी रिवाज मोडला आणि नंबर फिरवला. त्यांना एक बहीण होती, सोळा वर्षांची. माझ्या एका मित्राने तिचा इको पैसे न घेता केला. तिलाही तोच आजार निघाला. ती आता तिशीच्या पुढे आहे, रोज गोळ्या घेते, सुटलेल्या गाडीमागे धावत नाही, आणि तिच्या मुलीची तपासणी दर वर्षी होते.

दोन्ही भावांच्या अहवालांचे क्रमांक माझ्या वहीत आहेत. मंत्रालयातून कोणी बघायला मागितले, तर वही घेऊन मी स्वतः येईन. सकाळची वेळ द्यावी, दुपारी डोळ्यांत औषध घालावं लागतं.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायवैद्यक
मुंबई